गाडीवरचा कोरो

स्पेनच्या नैऋत्य किनाऱ्यावर, समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या भूपट्टीच्या टोकाशी वसलेल्या कादिझ शहराचा कार्निव्हल हा मुख्यतः ऐकण्याचा उत्सव आहे. रिओ किंवा व्हेनिसची चित्रे मनात ठेवून तेथे जाणाऱ्याची त्यामुळे थोडी निराशाच होते, कारण भव्य नृत्यपथके किंवा उंची मुखवटे यांच्यापेक्षा तेथे मान असतो तो सरत्या वर्षातील घडामोडींवर नव्याने रचलेल्या पदांना. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ, म्हणजे लेंट, ज्या राखेच्या बुधवारी सुरू होतो त्याच्या आगेमागे, बहुधा फेब्रुवारीत, हा उत्सव भरतो आणि त्यात ठरावीक सोंग घेतलेले, एकाच वेषातील गायकवृंद शहराच्या जुन्या भागातून गात हिंडतात. या वृंदांपैकी सर्वांत मोठा तो कोरो. त्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. परंतु कोरोत गाणाऱ्याला प्रत्यक्ष कोणते काम करावे लागते याकडे लक्ष दिले, तर असे दिसते की उघड्यावर गाणाऱ्या वृंदाची सगळी मेहनत अखेर शब्द समोरच्या माणसाच्या कानापर्यंत धडपणे नेण्यापाशी येऊन थांबते आणि स्वरांच्या गोडव्याला त्यासाठी वेळोवेळी मुरड घालावी लागते.

कादिझच्या परंपरेत गायकगटांचे चार प्रकार मानले जातात. चिरिगोता हा सुमारे बारा जणांचा, उघड विनोदाचा गट. कोंपार्सा त्याहून थोडा मोठा आणि गंभीर, भावपूर्ण पदांकडे झुकणारा. कुआर्तेतो हा तीन ते पाच जणांचा, यमकबद्ध संवादांतून प्रहसन उभे करणारा. आणि कोरो पंचेचाळिसाच्या घरातील माणसांचा. कोरोमध्ये गायकांचे उंच, मधले आणि खर्जातले असे तीन थर असतात व त्यांच्याबरोबर तंतुवाद्यांचा ताफा असतो. या ताफ्यात गिटार असते, बांदुरिया असते आणि लाउद असते. बांदुरिया म्हणजे तारांच्या सहा जोड्यांचे, नखीने छेडायचे, नासपतीच्या आकाराच्या पोटाचे वाद्य. लाउद हा तिचाच एक सप्तक खाली बोलणारा भाऊबंद. कोरोची ओळख ज्या पदाने होते त्याला तांगो म्हणतात. अर्जेंटिनाच्या नृत्याशी या तांगोचा संबंध जोडण्याचे कारण नाही. १७१७ साली स्पेनच्या अमेरिकी व्यापाराचे कार्यालय सेव्हिलहून कादिझला आले, पुढे क्युबाशी जहाजांची ये-जा सतत चालू राहिली, आणि त्या ये-जेतून आलेल्या तालांचे अंदालुसियाच्या मातीत जे रूप झाले ते हे पद होय.

कोरोचे काम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होते. गाणारे बहुतेक जण पोटासाठी दुसरेच काही करणारे असतात: गोदीतला कामगार, शाळामास्तर, दुकानदार, आणि या शहरात नेहमीच भरपूर असलेला बेकार तरुण. दिवसाचे काम आटोपल्यावर रात्री हे लोक एखाद्या मंडळाच्या खोलीत किंवा गोदामात जमतात आणि पदे पाठ करू लागतात. कागद समोर धरून गाण्याची सोय नाही, कारण रंगमंचावर आणि रस्त्यावर दोन्ही ठिकाणी हातवारे, नजर आणि सोंगाचे चालणे-बोलणे ही कामे हातांना व डोळ्यांना असतात. पाठ करायचा मजकूरही थोडाथोडका नसतो. कोरोच्या कार्यक्रमात आधी प्रवेशपद येते, त्यामागून दोन तांगो. मग कुप्ले म्हणजे आखूड, चिमटे काढणारी दोन पदे, ज्यांच्या शेवटी सोंगाला साजेसे पालुपद येते. आणि अखेरीस पोपुरी, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या निरनिराळ्या गाण्यांच्या चालींवर नवे शब्द बसवून केलेली लांबलचक मालिका. कार्निव्हलपूर्वीच्या स्पर्धेत प्रवेशपद आणि पोपुरी पुढच्या फेरीतही तीच चालतात, परंतु तांगो आणि कुप्ले फेरीगणिक नवे लागतात. त्यामुळे अंतिम फेरीपर्यंत मजल मारण्याची आशा असलेल्या वृंदाला जवळ पदांचा साठा राखावा लागतो, आणि त्यातली काही उत्तम पदे वृंद आधीच बाद झाल्याने रंगमंचावर कधी येतच नाहीत. चाहत्यांच्या बोलीत अशा अन्यायाने बाद होण्याला काहोनासो असा शब्द आहे, आणि दर वर्षी तो कोणाच्या ना कोणाच्या नावापुढे लागतोच.

वेषाची निवड पदांइतकीच आधी होते, किंबहुना पदे वेषातून निघतात. ज्या सोंगाखाली सगळा वृंद त्या वर्षी वावरणार असतो त्याला तिपो म्हणतात, आणि वृंदाचे त्या वर्षीचे नावही त्यावरूनच ठरते. ‘खडूवाला काका’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतोनिओ रोद्रिगेस मार्तिनेस याने १८८४ साली उभा केलेला वृंद ‘लास व्हिएहास रिकास’, म्हणजे श्रीमंत म्हाताऱ्या, या नावाचा होता, आणि १९०५ चा त्याचा ‘लोस आंतिकुआरिओस’ हा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांचा. आदल्या वर्षी कादिझच्या किनाऱ्यावरील वाळूत जुनी चांदीची नाणी सापडली होती, ती उकरण्यासाठी सारे गाव लोटले होते, आणि त्या झुंबडीवर या व्यापाऱ्यांनी गायिलेला तांगो आज शहराचे जणू राष्ट्रगीत झाला आहे. सोंग आणि विषय यांची सांगड किती नेमकी बसू शकते हे येथे दिसते: जुन्या नाण्यांविषयी बोलण्याचा अधिकार जुन्या वस्तू विकणाऱ्याइतका दुसऱ्या कोणाला असणार? ही सांगड जेथे बसत नाही तेथे वेष नुसताच कपडा राहतो. अलीकडच्या काही वृंदांचे वेष डोळे दिपवणारे असले, तरी गाण्यात सोंगाचा मागमूस नसतो, आणि असा खर्च वाया गेला असेच म्हणावे लागते.

वेष शिवणाऱ्याच्या अडचणी गायकांच्या अडचणींशी जोडलेल्या असतात. टोपीची कड फार खाली आली तर शेजाऱ्याचा स्वर नीट ऐकू येत नाही आणि मधल्या थरातील गायक नकळत वरच्या थराची चाल पकडतो. गळ्याभोवतीची झालर ताठ असली तर हनुवटी वर राहते व गळा आवळतो. बाही घोळदार असली तर ती बांदुरियाच्या तारांवर येऊन नखीत अडकते. म्हणून वादकांच्या उजव्या बाहीला मनगटापाशी आतून चिमटी घालणे, दाढीमिशा ओठांपासून थोड्या दूर चिकटवणे, डोईवरचा डोलारा हलका ठेवणे अशा बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. नाट्यगृहात हा वेष अर्धा तास अंगावर असतो. रस्त्यावर तो दुपारपासून रात्रीपर्यंत वागवायचा असतो, आणि चेहऱ्यावरचा रंग दोन-तीन तासांत घामाने व समुद्राच्या ओलसर हवेने उतरू लागतो.

नाट्यगृह म्हणजे ग्रान तेआत्रो फाया, कादिझमध्येच १८७६ साली जन्मलेल्या मानुएल दे फाया या संगीतकाराचे नाव धारण करणारी लाल विटांची इमारत. कार्निव्हलच्या आधीचे काही आठवडे येथे स्पर्धा चालते, दूरचित्रवाणीवरून ती घरोघर पाहिली जाते आणि अंतिम फेरी रात्रभर रंगून पहाटेच निकाल लागतो. स्पर्धेविषयी येथे अधिक लिहिण्याची गरज नाही. बंद छताखाली, आवाज टिपणाऱ्या यंत्रांसमोर, शांत बसलेल्या श्रोत्यांपुढे पंचेचाळीस जणांनी एका श्वासाने गाणे कठीण असले, तरी ते जगातील कोणत्याही चांगल्या गायकवृंदाच्या कामासारखेच असते. कोरोचे खास काम निकालानंतर सुरू होते.

कार्निव्हलच्या पहिल्या रविवारी, आणि ‘कोरोंचा सोमवार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या दिवशी, कोरो ट्रॅक्टरने ओढल्या जाणाऱ्या सपाट गाड्यांवर उभे राहून शहराच्या मध्यवर्ती मंडईभोवती फेऱ्या मारतात. या फेऱ्यांना कारुसेल म्हणतात. गाडी पुढे सरकते असे म्हणण्यापेक्षा गर्दी तिला जेवढी वाट देते तेवढी ती जाते, थांबते, आणि थांबली की पद सुरू होते. बांदुरियांचा आरंभीचा झंकार ऐकताच गाडीजवळचे लोक ताल ओळखून टाळ्या धरतात, आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. टाळ्या नेहमी थोड्या घाईच्या असतात. दूरच्या टोकाच्या टाळ्या तर मागून येतात. आणि वृंदाने या दोहोंपैकी एकीच्याही मागे न जाता आपला ताल धरून ठेवायचा असतो. मुरलेले वृंद अशा वेळी टाळ्यांकडे दुर्लक्ष करीत नाहीत, तर पहिल्या दोन ओळी किंचित जड पावलाने गाऊन श्रोत्यांनाच आपल्या चालीवर आणतात. नवखे वृंद टाळ्यांबरोबर धावतात आणि तिसऱ्या ओळीपर्यंत त्यांचे शब्द एकमेकांवर पडू लागतात.

जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत दगडी घरांच्या उंच भिंती आवाज अडवून परत देतात, त्यामुळे तेथे तिन्ही थर एकमेकांना ऐकू येतात आणि खर्जाला भरीवपणा येतो. गाडी चौकात आली की हा आधार एकाएकी नाहीसा होतो. गायकाला आपला आवाज कमी पडतो असे वाटू लागते, तो जोर लावतो, शेजारी त्याच्यापेक्षा जोर लावतो, आणि सगळा वृंद पाव स्वर चढतो. वाद्ये मात्र जागीच राहतात, नव्हे, अनेकदा उतरतात, कारण येथील हवेचे दोन स्वभाव आहेत. पोनिएन्ते हा समुद्रावरून येणारा पश्चिमेचा गार, दमट वारा, आणि लेव्हान्ते हा पूर्वेचा कोरडा, झोंबणारा वारा. लाकडी वाद्यांना दोन्ही सोसत नाहीत. दोन पदांच्या मध्ये गाडी सरकत असताना वादक मान वाकवून कान वाद्याच्या पोटाला टेकवतात आणि खुंट्या पिळत राहतात, त्याच वेळी खालून कोणी शेरीचा पेला वर सरकवतो, कोणी जुन्या वर्षीच्या पदाची फर्माईश करतो, आणि या गोंधळात बारा तारांची बांदुरिया स्वरात आणणे हे ज्याला जमते तोच रस्त्यावरचा वादक मानला जातो.

शब्द पोहोचवण्याचे कौशल्य सर्वांत स्पष्ट दिसते ते कुप्लेमध्ये. कुप्लेची घडण अशी की सहा-सात ओळी श्रोत्याला एका दिशेने नेतात आणि शेवटच्या अर्ध्या ओळीत पाय खेचतात. नाट्यगृहात हशा एकदम उसळतो आणि त्याच्या लाटेवर पालुपद चढते. रस्त्यावर हशा तुकड्यातुकड्यांनी येतो: आधी गाडीला चिकटून उभे असलेले हसतात, मग त्यांच्या मागचे, आणि सर्वांत मागचे काय म्हणाले म्हणून शेजाऱ्याला विचारतात व त्याने सांगितल्यावर हसतात. एवढ्यात पालुपद सुरू झाले तर मागच्यांचा विनोद बुडतो, फार थांबावे तर पुढच्यांचा उत्साह ओसरतो. म्हणून शेवटच्या ओळीआधी वृंद तीन थरांचे स्वरमेळ सोडून एका स्वरात येतो, व्यंजने दातांवर आपटून उच्चारतो, आणि कळीच्या शब्दाआधी वाद्ये क्षणभर बंद करतो. स्वरमेळ हीच ज्यांची प्रतिष्ठा, त्यांनी नेमक्या मोक्याच्या जागी तो टाकून देणे संगीतशाळेत शिकलेल्याला खटकते; परंतु गाडीवर चार दिवस उभे राहिल्यावर त्याचाही आग्रह सुटतो. पदांच्या छोट्या पुस्तिका गाडीवरून विकण्याची जी जुनी चाल आहे तिच्यामागेही हेच कारण असावे, कारण जो शब्द कानातून निसटला तो डोळ्यांनी गाठता येतो, आणि वेषाचा थोडाफार खर्चही त्यातून निघतो.

शब्दाला एवढे महत्त्व का, याचे उत्तर शहराच्या इतिहासात आहे. स्पेनमधील यादवी युद्ध चालू असताना, १९३७ साली, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने कार्निव्हलवर बंदी घातली. १८ ऑगस्ट १९४७ च्या रात्री कादिझमधील नौदलाच्या सुरुंगांच्या कोठारात प्रचंड स्फोट होऊन सुमारे दीडशे माणसे मेली, घरे पडली, आणि त्यानंतर शहराच्या मनाने उभारी धरावी म्हणून अधिकाऱ्यांनी कोरोंना पुन्हा गाऊ दिले. मात्र उत्सवाला कार्निव्हल म्हणायचे नाही, त्याचे नाव ‘कादिझचे खास सण’, आणि प्रत्येक पद आधी परवानगीसाठी दाखवायचे. १९६७ पासून तर उत्सव मे महिन्यात ढकलला गेला. फ्रँकोच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये कार्निव्हल आपल्या नावाने आणि फेब्रुवारीत परतला. या चाळीस वर्षांत रचनाकारांना आडवळणाने बोलण्याची आणि श्रोत्यांना आडवळण पकडण्याची जी सवय लागली ती आज सेन्सॉर नसतानाही टिकून आहे. मराठी वाचकाला या ठिकाणी गणेशोत्सवातील मेळे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८९४ पासून पुण्यात फोफावलेल्या या मेळ्यांत एकसारख्या पोशाखातील मुलांचे व तरुणांचे गट गणपतीपुढे पदे म्हणत, लोकप्रिय चालींवर राजकीय शब्द बसवीत, आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांची त्यांच्यावर करडी नजर असे. कादिझच्या पोपुरीत चाल उसनी घेण्याचे कारण मेळ्यांच्या कवींना सांगावे लागले नसते: चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचे सगळे अवधान शब्दांकडे मोकळे राहते. प्रत्यक्ष नाते शोधायचे तर ते गोव्यात सापडते. तेथे कार्निव्हल पोर्तुगिजांबरोबर त्याच इबेरियन पंचांगातून आला, आणि सासष्टीच्या गावांतून कार्निव्हलच्या दिवसांत सोंगे घेऊन गात-बोलत खेळ सादर करणारे कोंकणी गट त्याच काळाचे, त्याच मोकळिकीचे आहेत.

कोरो दीर्घकाळ पुरुषांचेच होते. अलीकडच्या दशकांत स्त्रिया त्यांत आल्या, आणि त्यामुळे स्वरांचा पल्ला वाढला तसे रचनाकारांना जुने सोपे विनोद सोडून द्यावे लागले, हेही बरेच झाले.

आता एक गुणदोषविचार. स्पर्धेमुळे कोरोंची गायकी सुधारली, वाद्यमेळ रेखीव झाला, याबद्दल दुमत नाही. परंतु परीक्षकांसाठी घोटलेला तांगो रस्त्यावर अनेकदा जड होतो, आणि ध्वनिवर्धकाच्या आधाराने गाडीवर गाण्याची सवय लागली की शब्द फेकण्याचे जुने कसब हळूहळू विसरले जाते. याच्या उलट बाजूला आहेत ते ‘बेकायदा’ म्हणवून घेणारे गट. त्यांच्यावर कसलाही खटला नसतो, त्यांनी फक्त स्पर्धेत नाव घातलेले नसते. सात-आठ मित्र, घरी शिवलेला वेष, एक गिटार, एक ढोल आणि बोरूची पिपाणी एवढ्या सामग्रीवर ते एखाद्या घराच्या पायरीवर उभे राहतात आणि समोरच्या चाळीस-पन्नास माणसांना ऐकू जाईल असे गातात. त्यांचे स्वर डळमळतात, कोणी ओळ विसरतो आणि तो विसरही विनोदात खपवला जातो, पण त्यांचा एकही शब्द वाया जात नाही. कोरोतील अनुभवी गायक उत्सवाच्या मधल्या दिवसांत आपली गाडी उभी असताना या पायऱ्यांसमोर येऊन उभे राहतात ते केवळ करमणुकीसाठी नव्हे. पंचेचाळीस जणांच्या वृंदाला आठ जणांची ही चपळाई कधीच येणार नाही, हे खरे. तरीही उत्तम कोरो कोणता याची कसोटी या पायरीवरच लागते, आणि ती फायाच्या रंगमंचावर मिळालेल्या क्रमांकाशी जुळतेच असे नाही.

उत्सव अधिकृतरीत्या संपल्यावरही, लेंट लागल्यानंतरच्या एका रविवारी, ‘छोटा कार्निव्हल’ भरतो. त्या दिवशी गाड्या नसतात, परीक्षक नसतात, पाहुणेही फारसे नसतात. दमता दमत नाहीत अशी हौशी मंडळी तेवढी असतात आणि सर्वांना पदे पाठ झालेली असल्याने गाणारे आणि ऐकणारे यांतला फरकही उरत नाही. आवाज बसलेले असतात, वेषांचे बंद तुटलेले असतात. त्या वर्षीचे कोणते पद टिकणार हे त्या दिवशी कळते.

ज्या मराठी वाचकाला कादिझला जाण्याचा योग येईल त्याने नाट्यगृहाच्या तिकिटासाठी धडपडू नये, कारण ते मिळणेही अवघड आणि त्यात मुख्य गोष्ट चुकते. पहिल्या रविवारी दुपारच्या आत मंडईजवळची एखादी अरुंद गल्ली गाठावी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे, गाडीवरून पदांची पुस्तिका विकत घ्यावी, आणि स्पॅनिश येत नसेल तर हसणाऱ्या शेजाऱ्याला बेधडक अर्थ विचारावा. तेथील लोक तो आनंदाने सांगतात.